हाक, ओ आणि लागलेले दार : ‘ट्रॅप्ड’ या चित्रपटाचा भाषादृष्ट्या विचार

अंतर मोजण्याची जी जुनी मापे आपल्याकडे रूढ होती त्यांत ‘कोस’ हे माप सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘पंचक्रोशी’ या शब्दातही तेच माप आहे. या ‘कोस’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘क्रोश’ हे असून ‘क्रोश’ याचा पहिला अर्थ अंतर असा नाही, तर ओरडणे, हाक मारणे असा आहे. ज्या ‘क्रुश्’ धातूपासून ‘आक्रोश’ हा शब्द झाला त्याच धातूपासून ‘कोस’ झाला. माणसाची हाक जेथवर पोहोचते ते अंतर म्हणजे क्रोश. पुढे हे माप निश्चित झाले, दोन मैलांच्या आसपास जाऊन स्थिरावले, आणि इतक्या दूरवर कोणाचा आवाज पोहोचत असेल असा प्रश्न कोणी विचारीनासे झाले. मात्र मूळ कल्पना मराठीने सोडली नाही. शेजारच्या घराविषयी आजही आपण ते ‘हाकेच्या अंतरावर’ आहे असे म्हणतो. यातील गृहीत असे की हाक मारणारा एक आहे, ऐकणारा दुसरा आहे, आणि ऐकणारा ‘ओ’ देणार आहे. हाकेला ओ देणे हा मराठीतील केवळ वाक्प्रचार नव्हे. घरातल्या माणसाने हाक मारली असता आपण प्रथम ‘काय?’ असे म्हणत नाही, ‘ओ’ म्हणतो. या ‘ओ’ला स्वतंत्र असा अर्थ नाही. हाक पोहोचली, एवढेच तो सांगतो.

हे सारे आठवण्याचे निमित्त एक चित्रपट आहे. विक्रमादित्य मोटवानी यांनी दिग्दर्शित केलेला ‘ट्रॅप्ड’ हा हिंदी चित्रपट मुंबईच्या चित्रपट महोत्सवात ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रथम दाखविला गेला व १७ मार्च २०१७ रोजी सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याची लांबी पावणेदोन तासांच्या आतबाहेर असून तो मध्यंतराशिवाय दाखविण्यात आला. एका बंद जागेत सापडलेला मनुष्य आणि त्याची जगण्याची धडपड, असा विषय असलेल्या चित्रपटांचा एक स्वतंत्र वर्गच जागतिक चित्रपटसृष्टीत तयार झाला आहे. त्या वर्गातील हा चित्रपट आपल्याच राज्यात, मुंबईच्या एका उंच इमारतीत घडतो. काही महिन्यांपूर्वी विभागातील विद्यार्थ्यांसमवेत तो पुन्हा पाहण्याचा योग आला. त्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले, “हा मनुष्य मराठी असता तर नेमके काय म्हणून ओरडला असता?” प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर देताना प्रस्तुत लेखकाची बरीच तारांबळ उडाली. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा विस्तार होय.

कथानक थोडक्यात असे. शौर्य नावाचा एक सामान्य नोकरदार तरुण (ही भूमिका राजकुमार राव यांनी केली आहे) नूरी या तरुणीवर प्रेम करतो. तिचे लग्न दुसऱ्याशी ठरलेले आहे. दोघे विवाह करावयाचे ठरवितात, पण संसार थाटण्यास घर हवे, आणि मुंबईत परवडेल असे घर मिळणे किती कठीण हे निराळे सांगावयास नको. घाईत एक दलाल त्याला एका टोलेजंग इमारतीतील सदनिका मिळवून देतो. इमारत कायदेशीर भानगडीत अडकलेली असून पूर्णपणे रिकामी आहे. तिचे नाव ‘स्वर्ग’ ! दुसऱ्या सकाळी लगबगीने बाहेर पडताना किल्ली दाराला बाहेरून तशीच राहते, दार आपटते आणि शौर्य आत राहतो. भ्रमणध्वनी मृत होतो, वीज जाते, नळाला पाणी नाही. तीस-पस्तीस मजल्यांच्या उंचीवर असलेल्या या घराखाली एक पहारेकरी आहे, परंतु त्याला कमी ऐकू येते. यापुढचा जवळजवळ सारा चित्रपट त्या चार भिंतींच्या आत आहे.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा मध्येच मांडण्याचा मोह आवरत नाही. मराठीत ‘दार लावले’ आणि ‘दार लागले’ अशी दोन वाक्ये आहेत. पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. ‘अडकविणे’ आणि ‘अडकणे’ यांचेही तेच. उलट ‘कोंडणे’ हे क्रियापद माणसाच्या संदर्भात वापरले की कोंडणारा कोणीतरी असावा लागतो. कोंडवाड्यात जनावर कोंडतात ते माणसे, कोंडमारा होतो तोही बहुधा कोणाच्या तरी वागण्यामुळे. (केवळ श्वास मात्र आपला आपण कोंडतो.) सामान्य थरारपटात नायकाला कोणीतरी कोंडते, मग तो कोंडणारा कोण व का, याचा शोध म्हणजेच कथानक होते. ‘ट्रॅप्ड’ या इंग्रजी नावातही सापळा आहे, आणि सापळा म्हटला की तो लावणारा आलाच. प्रत्यक्षात येथे सापळा कोणीच लावलेला नाही. दार लागले, एवढेच. ‘शौर्य कोंडला गेला’ असे म्हणताना जीभ अडखळते, ‘शौर्य अडकला’ हेच बरोबर वाटते. ज्याच्यावर रागवावे, ज्याची विनवणी करावी, ज्याच्याशी सौदा करावा असा समोर कोणीच नाही. त्याची अडचण नुसती दाराची नाही, तर संबोधनाचीही आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत हे घडले नसते, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. नाशकात पंचवटीच्या वा जुन्या गावाच्या गल्ल्यांतून जे वाडे अद्याप उभे आहेत त्यांची दारे कडी-कोयंड्याची. आतली कडी आतून लावावयाची, बाहेरची बाहेरून. दोन्हींना हात लागल्याखेरीज त्या लागत नाहीत. ओढताक्षणी आपोआप बंद होणारे कुलूप ही सदनिकांच्या युगाची देणगी आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वाड्याची रचना ही होय. मध्ये चौक, सभोवार खोल्या, वर माडी. माडीवरून मारलेली हाक चौकात पडते आणि चौकातून चारी बाजूंस जाते. एका घरातील भांडण चार घरांना ऐकू जावे, ही त्या राहणीची मोठी गैरसोय होती, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्यांनी तसे दिवस काढले आहेत त्यांना सदनिकेचे बंद दार सुखाचे वाटले असल्यास नवल नाही. मात्र त्याच गैरसोयीमुळे कोणी आत अडकून पडले, तर दुसरी हाक मारण्याची वेळ सहसा येत नसे.

आता शौर्यच्या हाकेचे काय होते ते पाहू. यास थोडे गणित लागते. मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाचा आवाज एक मीटर अंतरावर सुमारे ९० डेसिबल भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, आणि दहापट झाले की २० डेसिबलने. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर तीस-पस्तीस मजले म्हणजे शंभर मीटरच्या आसपास, याचा अर्थ ४० डेसिबलची घट. रस्त्यावर पोहोचेतो ती प्राणांतिक आरोळी ५० डेसिबलची राहते, म्हणजे शेजारी बसून चाललेल्या शांत संभाषणाहून काहीशी हळूच. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलपर्यंतचा आवाज ग्राह्य मानलेला आहे. म्हणजे शहर पूर्णपणे नियम पाळून वागले, तरीही शौर्यची हाक त्याच्या नेहमीच्या गुणगुणीखाली बुडेल. मुंबईचा रस्ता तर ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो. कोणी दुष्ट नाही, कोणी कानावर हात ठेवलेले नाहीत. हाकेचे अंतरच संपलेले आहे.

चित्रपटाच्या ध्वनियोजनेने हे फार नेमकेपणे पकडले आहे. शौर्यजवळ आपण असतो तेव्हा त्याचा घसा फाटताना ऐकू येतो. तोच रस्त्याच्या बाजूने पाहिले असता उरते ती केवळ शहराची घरघर. ध्वनिरचनेबद्दल अनिश जॉन यांना आणि संकलनाबद्दल नितीन बैद यांना २०१८ साली फिल्मफेअर पारितोषिके मिळाली, ती उचितच होती. समीक्षकांच्या पसंतीचे अभिनयाचे पारितोषिकही राव यांना याच चित्रपटासाठी लाभले. खालून कोणी दृष्टी वर करून पाहिलेच असते, तर त्यास काय दिसले असते? एक लहानशी आकृती, हात हलवीत असलेली, तोंड उघडे, आवाज नाही. दादासाहेब फाळके यांनी ज्या नाशकात आपले मूकपट काढले त्या गावच्या माणसास हे दृश्य ओळखीचे वाटावे. आत बोलपट चालू आहे आणि बाहेरच्या जगाच्या लेखी तो मूकपट आहे.

पुन्हा विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. मराठी मनुष्य काय म्हणून ओरडला असता? ‘वाचवा’ हे उत्तर तत्काळ सुचते, पण ते नाटकी आहे. बोलण्यात आपण हाक मारतो ती ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ या संबोधनांनी, आणि यांपैकी एकही शब्द ऐकणारा कोण हे ठाऊक असल्याशिवाय उच्चारता येत नाही. ‘अरे’ला समोर बरोबरीचा वा लहान पुरुष लागतो, ‘अगं’ला स्त्री, ‘अहो’ला मान देण्याजोगी व्यक्ती. म्हणजे हाकेतच हाक मारणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे नाते गोवलेले असते. अज्ञात, अदृश्य, कदाचित अस्तित्वातच नसलेल्या श्रोत्याला उद्देशून हाक मारण्यासाठी मराठीजवळ स्वतंत्र संबोधन नाही. तेथे ती प्रश्नाचा आश्रय घेते : “कुणी आहे का?” हिंदीतही तसेच, “कोई है?” हा प्रश्न मोठा विलक्षण आहे. त्याचे नकारार्थी उत्तर कोणीही देऊ शकत नाही. ज्याअर्थी उत्तर आले त्याअर्थी कोणीतरी आहे. म्हणून या प्रश्नाला उत्तरे दोनच, ‘ओ’ किंवा शांतता, आणि शांततेचा अर्थ कधीच पक्का लागत नाही. कोणी नाही, की कोणी आहे पण ऐकू गेले नाही? शौर्य पुनःपुन्हा ओरडतो याचे कारण हेच आहे.

आवाज निष्फळ ठरल्यावर तो लेखनाकडे वळतो. पुठ्ठ्यावर स्वतःच्या रक्ताने ‘हेल्प’ हा शब्द लिहितो. रोमन लिपीतील ही चार अक्षरे त्याच्या मातृभाषेतील नाहीत, आणि खालून जाणाऱ्या बहुसंख्यांच्याही नाहीत. तरी ती निवड योग्य आहे, कारण बहुभाषिक शहरात संकटाचा म्हणून जो एक सामायिक शब्द उरला आहे तो हाच. मात्र लिहिलेल्या शब्दालाही वाचणारा लागतो. मान वर करून इतक्या उंचीवरचे पुठ्ठे वाचण्याचे मुंबईत कोणास प्रयोजन नसते. मग आग, मग गलोल. संदेशातील भाषेचा अंश क्रमाक्रमाने कमी होत जातो आणि शेवटी फेकलेली वस्तूच संदेश बनते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली भाषेची तीन कार्ये सांगितली : बोलणाऱ्याच्या मनाचा आविष्कार, ऐकणाऱ्याला आवाहन, आणि वस्तुस्थितीचे निवेदन. साध्यासुध्या वाक्यात ही तिन्ही एकत्र नांदतात. हा चित्रपट त्यांना एकमेकांपासून सोडवून दाखवितो. आरंभी शौर्यच्या बोलण्यात निवेदन आहे, आपण कोण, कोठे, काय झाले. लवकरच ते गळून पडते व नुसते आवाहन राहते. पुढे आवाहनही सरते, आणि उरतो तो आविष्कार, म्हणजे कण्हणे, शिव्या, हुंदके. भाषेच्या पाठ्यपुस्तकात हा क्रम उलट दिशेने, बालकाची भाषा कशी घडते हे सांगताना आलेला असतो.

पण तेथेही तो थांबत नाही, आणि या चित्रपटातील सर्वांत मोलाचा भाग यापुढचा आहे. घरात एक उंदीर आहे. शौर्यला उंदरांची भीती वाटते. पहिल्या दिवसांत तो त्याच्यापासून पळतो. नंतर त्याच्याशी बोलू लागतो, मन मोकळे करतो. असे का व्हावे? रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की यांचे ‘विचार आणि भाषा’ हे पुस्तकही १९३४ चेच. त्यात लहान मुलांच्या स्वतःशी बोलण्याविषयी एक प्रयोग वर्णिलेला आहे. एकट्याने खेळताना मुले मोठ्याने स्वतःशी बोलतात, हे सर्वांस ठाऊक आहे. व्हिगोट्स्की यांनी अशा मुलाला बहिऱ्या-मुक्या मुलांत किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांत नेऊन बसविले. अपेक्षा अशी की संभाषणास सोबती न उरल्यामुळे मूल स्वतःशी अधिकच बोलू लागेल. झाले नेमके उलट. ते स्वतःशी बोलणेच बहुतेक थांबले. आपले बोलणे कोणाला तरी समजते आहे हा भास असेपर्यंतच मनुष्य स्वतःशीही बोलू शकतो, असा त्याचा इत्यर्थ. खालचा पहारेकरी ऐकत नाही हे कळल्यावर शौर्य मुका झाला असता. उंदीर त्याला तो भास परत देतो. उंदराला समजत नाही हे तो जाणतो, पण उंदीर कान टवकारतो, थबकतो. ‘ओ’ नव्हे, तरी ‘ओ’च्या जवळचे काहीतरी मिळते.

ही युक्ती नवी नाही. रॉबिन्सन क्रूसोने पोपटाला आपलेच नाव शिकविले, यासाठी की ते बेटावर दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकू यावे. ‘कास्ट अवे’ (२०००) मध्ये चेंडूला माणसाचा चेहरा मिळतो. आपल्या परंपरेत तर याहून जुनी व अधिक शिस्तशीर सोय आहे. दशरूपकांपैकी ‘भाण’ हा नाट्यप्रकार एकट्या नटाचा. तो वाटेत भेटणाऱ्यांशी बोलतो, पण रंगभूमीवर दुसरे कोणीच नसते. आकाशाकडे पाहून तो प्रश्न करतो, कान देतो, “काय म्हणतोस?” असे विचारून न ऐकू आलेले उत्तर स्वतःच उच्चारतो व त्यावर प्रत्युत्तर देतो. याला आकाशभाषित म्हणतात. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपक’ ग्रंथात त्याचे लक्षण आलेले आहे. हिंदी चित्रपटात सुनील दत्त यांनी १९६४ साली ‘यादें’ या एकपात्री चित्रपटात, रिकाम्या घरात परतलेल्या पतीच्या रूपाने, जवळजवळ हाच प्रयोग केला. मात्र भाणातील विट हा रसिक नागर पुरुष आहे. त्याचे अदृश्य संवादी रस्तोरस्ती आहेत आणि आकाशभाषित हा त्याचा विलास आहे. शौर्यचे आकाशभाषित खरोखरच आकाशाला उद्देशून आहे.

याच वर्गातील ‘बरीड’ (२०१०) हा चित्रपट तुलनेसाठी घेण्यासारखा आहे. त्यातील मनुष्य शवपेटीत जिवंत पुरलेला असून त्याच्यापाशी भ्रमणध्वनी आहे. ओ देणारे पुष्कळ भेटतात. ते त्याला थांबावयास सांगतात, दुसऱ्याकडे पाठवितात, माहिती विचारतात. तेथे ‘ओ’ आहे पण धावून येणे नाही. आमच्या मते ‘ट्रॅप्ड’ची परिस्थिती अधिक मूलगामी आहे, जरी ‘बरीड’ची जागा अधिक अरुंद असली तरी. प्रेक्षकाचा जीव गुदमरतो तो खोलीच्या लांबीरुंदीमुळे, हा समज अपुरा आहे. शौर्यच्या घरात हवा आहे, उजेड आहे, खिडकीतून सारे शहर दिसते. त्याला सर्व दिसते आणि तो कोणाला दिसत नाही, त्याला सर्व ऐकू येते आणि तो कोणाला ऐकू जात नाही, यातून ती घुसमट येते.

रिकामी इमारत ही लेखकांची सोयीस्कर कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद आहे. देशातील शहरांत हा आकडा सर्वाधिक होता. ज्या शहरात एका खोलीसाठी मनुष्य दलालाच्या पाया पडतो, त्याच शहरात हे घडते. शौर्यला घर मिळत नाही म्हणून तो त्या घरात जातो, आणि शेजारी नाहीत म्हणून तेथून सुटत नाही. दोन्हींचे कारण एकच आहे.

मराठी वाचकाला येथे हिरकणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. आख्यायिका सर्वश्रुत आहे : रायगडावर दूध विकावयास आलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे मूल. ती कडा उतरून जाते. २०१९ साली प्रसाद ओक यांनी या कथेवर मराठी चित्रपटही काढला. दोन्ही कथांत बंद दार, उंची व पहारेकरी आहेत. भेद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. हिरकणीचे म्हणणे पहारेकऱ्याने ऐकले होते. त्याने ओ दिली, मग नियम सांगितला. म्हणजे तिला नकार मिळाला, आणि नकार हेही उत्तरच असते. तिने काय करावयाचे ते त्याच रात्री ठरविले. शौर्यला नकारही मिळत नाही, म्हणून त्याची आशा लवकर संपत नाही आणि निर्णयाला दिवसांमागून दिवस लागतात. तो पावसाचे पाणी साठवितो, झुरळे खातो. जन्माचा शाकाहारी असूनही कबुतर मारून खातो. पण हे सारे करीत असताना तो अजूनही कोणीतरी येईल या हिशेबाने जगत असतो.

ज्या क्षणी तो हाक मारणे सोडतो त्या क्षणी सुटकेचा आरंभ होतो. खिडकीची जाळी तोडून, इमारतीच्या बाहेरच्या अंगाने तो खालच्या मजल्यावर उतरतो. त्या भागात संवाद जवळजवळ नाहीत. येथे अनेक समीक्षकांनी मानवी जिद्दीचा विजय पाहिला. तो आहेही. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यात काही गमावल्याची नोंदही दिसते. सुटण्यासाठी या माणसाला, कोणी ओ देईल ही अपेक्षा आधी सोडावी लागली.

सुटल्यानंतर तो नूरीला भेटतो. ठरल्या दिवशी हा आला नाही, त्याचा फोन लागला नाही, एवढेच तिच्या बाजूने घडले होते. तिची हाकही अशीच निरुत्तर राहिली होती. त्या शांततेचा तिने जो अर्थ लावला त्यात तिचा दोष काढता येत नाही. तिचे आयुष्य दरम्यान पुढे निघून गेले आहे. शौर्य फारसे काही बोलत नाही. इतके दिवस ज्याला ऐकणारे मनुष्य हवे होते, त्याच्यासमोर ते आता उभे आहे, आणि सांगण्यासारखे काय उरले आहे हे त्याला ठरविता येत नाही.